फ्रेंच वाचवण्याची माझी कामगिरी

मला फ्रेंच येत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मला अध्यक्ष करताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर मी खरं तेच सांगितलं असतं.

आमची अंतरा सातवीत आहे. तिच्या शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी किंवा फ्रेंच घेता येतं. ज्यांच्या मुलांनी फ्रेंच घेतलंय अशा पालकांचा एक गट आहे, ‘पेरेंट्स फॉर फ्रेंच’. फ्रेंचची बाजू लावून धरणं हे गटाचं काम. कुणापुढे लावून धरायची हे मला ठाऊक नव्हतं, कारण माझ्या लेखी तो फोनमधल्या असंख्य ग्रुपांपैकी एक ग्रुप होता. आणि ग्रुपांच्या बाबतीत माझं एक धोरण आहे. येईल त्या मेसेजला न वाचता अंगठा द्यायचा. वाढदिवस असो, पाण्याची टाकी साफ करायची असो, अंगठा. एकदा एका गृहस्थांचे सासरे वारल्याच्या मेसेजलाही माझा अंगठा गेला होता. गृहस्थ रागावले नाहीत. उलट तेव्हापासून ते माझ्याशी जास्तच मोकळेपणानं बोलतात.

तर गटाचे अध्यक्ष सुजीत यांची बदली दूर वाळवंटातल्या रुवैसला झाली. जाताना त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्या जागी चंद्रहास खांबेटे यांना अध्यक्ष करावं असं सुचवतो. ते शांत आणि विचारी आहेत. सहमत असणाऱ्यांनी कळवावं.’

पहिला अंगठा माझा होता.

“अरे, स्वतःच स्वतःला मत दिलंस?” मीनाक्षीनं विचारलं. ती माझी बायको. हसावं की नाही, असा तिचा चेहरा झाला होता. “आणि तेही सगळ्यांच्या आधी? लोकांना वाटलं असेल, टपूनच बसला होता.”

मी सुजीतना फोन लावला. ते गाडीत होते, सामानासकट.

“चंद्रहासजी, मुबारक हो!” ते म्हणाले. “काही काम नसतं हो. वर्षातून एक मीटिंग. यंदा फक्त एक छोटासा इश्यू आहे.”

“कसला?”

“शाळा फ्रेंच बंद करतेय. चला, पुढे रेंज जाते इथे.”

आणि रेंज गेली.

छोटासा इश्यू असा होता. शाळेच्या डायरेक्टर मॅडमचं म्हणणं पडलं होतं, की मुलं फ्रेंच फक्त मार्कांसाठी घेतात. तीन तीन वर्षं शिकतात आणि एक वाक्य कुणाला कळत नाही. त्यापेक्षा एप्रिलपासून त्या तासाला रोबोटिक्स सुरू करू. ही बातमी मी जेवताना सांगितली तेव्हा अंतरानं चमचा खाली ठेवला.

“बट व्हॉट अबाउट मादाम?” ती म्हणाली.

मादाम म्हणजे तिच्या फ्रेंचच्या बाई, मादाम भिवाजी. विषय बंद म्हणजे बाईंची नोकरी बंद आणि नोकरी बंद म्हणजे व्हिसाही. हे आखातातल्या या देशात सातवीतल्या मुलीलाही समजावून सांगावं लागत नाही. अंतरा काही फार बोलकी मुलगी नाही. आज शाळेत काय झालं असं गाडीत विचारलं, की ‘फाइन’ म्हणते आणि खिडकीबाहेर बघत बसते. पण फ्रेंचच्या तासाला ती हात वर करते, असं मागच्या ओपन हाउसला बाईंनी आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी ‘कुणाबद्दल बोलताय?’ असं वळून मागे पाहिलं होतं.

“डू समथिंग, बाबा. यू आर द प्रेसिडेंट.”

घरात मला प्रेसिडेंट म्हणणारी ती पहिली आणि शेवटची व्यक्ती. मी दुसऱ्याच दिवशी व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

“पंच्याहत्तर दिरहम!” मीनाक्षी म्हणाली. “म्हणजे सतराशे-अठराशे रुपये. कुणाला देणार आहेस?”

हा विचार मी केला नव्हता.

आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या मजल्यावर राजनभाऊ राहतात. त्यांचा मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीत खाद्यपदार्थांचा धंदा आहे. पापड-लोणच्यापासून लग्नाच्या जेवणापर्यंत. राजनभाऊ जगातल्या कुठल्याही अडचणीवर सल्ला देतात आणि प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी जेवण असतं.

“प्रोग्रॅम करा,” ते म्हणाले. “डायरेक्टरबाईला बोलवा. पोरांकडून चार गाणी, तुमचं एक भाषण, आणि मग खाणं. खाणं माझ्याकडे लागलं.”

“पण फ्रेंच बंद होण्याचा आणि खाण्याचा काय संबंध?”

“साहेब, भरल्या पोटी कुणी काही बंद केलेलं मी बघितलेलं नाही.”

मी मादामना भेटायला गेलो. फ्रेंच बाई म्हणून माझ्या डोळ्यांपुढे जे चित्र होतं, त्यात त्या मुळीच बसल्या नाहीत. सावळ्या, ठेंगण्या, केसांना तेल. मी जपून इंग्रजीत सुरुवात केली, “मादाम, आय अ‍ॅम चंद्रहास खांबेटे...”

“खांबेटे? कोकनातले?” त्या म्हणाल्या.

मादाम मॉरिशसच्या निघाल्या. पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात गेलेले. घरात क्रिओल ही तिथली बोली, शाळेत फ्रेंच, आणि मराठी गणपतीपुरती. “माझी मराठी आजीची हाय. थोडी थोडी,” असं म्हणून त्या हसल्या. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा राजनभाऊंचा विरस झाला. “म्हणजे ओरिजिनल नाहीत?” असं त्यांनी दोनदा विचारलं. मला मात्र एकदम बळ आलं. इतके दिवस मी फ्रेंच वाचवत होतो. आता ते कोकणातलं माणूस वाचवणं झालं.

कार्यक्रमाची परवानगी देणारे शाळेतले अधिकारी म्हणजे अहमद. अत्यंत सभ्य माणूस. माझं आडनाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी मला खंबाती करून टाकलं. त्यांनी मला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला, खजूर दिला, माझं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, आणि प्रेमळपणे परत केलं.

“मिस्टर खंबाती, प्रेसिडेंट नो. स्कूल हॅव प्रिन्सिपल, स्कूल हॅव डायरेक्टर. प्रेसिडेंट, बिग वर्ड. यू आर लीड व्हॉलंटियर.”

“पण गटानं मला निवडलंय.”

“मबरूक, हबीबी. लीड व्हॉलंटियर.” मग त्यांनी माझा अर्ज उलटून पालटून पाहिला. “व्हेअर इज स्टॅम्प?”

या देशात सही कुणीही करतो. शिक्का असला तर ती सही. मी मुसफ्फात शिक्के बनवणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, ट्रेड लायसन्स आणा. मी म्हणालो, हा पालकांचा गट आहे, धंदा नाही. तो म्हणाला, धंदा नाही तर शिक्का कशाला? परत अहमदकडे. शिक्क्याशिवाय चालेल का? त्यांनी हृदयावर हात ठेवला. “इन्शाल्ला, व्हाय नॉट? ब्रिंग स्टॅम्प.”

राजनभाऊंनी प्रश्न सोडवला. त्यांनी ड्रॉवरमधून आपल्या कंपनीचा गोल शिक्का काढला आणि माझ्या सहीवर ठोकला. निळ्या वर्तुळात स्पष्ट अक्षरं उमटली, फूडस्टफ ट्रेडिंग.

“अहो, हे काय?”

“शिक्का आहे ना? शिक्का बघतात. वाचतंय कोण?”

अहमद यांनी वाचला. आणि ते फार खूश झाले. इतके दिवस हा कार्यक्रम नक्की कुठल्या प्रकारात घालायचा हे त्यांना कळत नव्हतं. फ्रेंचसाठी आवाज उठवणं असा प्रकार त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हता. फूड होता. त्यांनी बटण दाबलं, खलास. संध्याकाळी शाळेतल्या झाडून सगळ्या पालकांच्या फोनवर सूचना गेली: शनिवारी सकाळी फ्रेंच फूड डे. सहकुटुंब यावे. प्रवेश विनामूल्य.

मी न वाचता अंगठा दिला.

वाचल्यावर धावत खाली गेलो. राजनभाऊंना आनंद आवरत नव्हता. “मी म्हटलं नव्हतं?” त्यांनी लगेच आपल्या वली नावाच्या आचाऱ्याला बोलावून मोबाइलवर क्रोसाँचं, म्हणजे फ्रेंचांच्या चंद्रकोरी पावाचं, चित्र दाखवलं. वली पेशावरचा. त्यानं चित्र आडवं धरलं, उभं धरलं आणि म्हणाला, “साहब, ये तो फ्रांस का समोसा है. हो जाएगा.”

“अंदर कुछ नहीं होता,” मी सांगितलं.

वलीनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “इतने लोग आएँगे, और अंदर कुछ नहीं डालेंगे? अच्छा लगेगा?”

“कीमा नको हं, व्हेज लोक खूप आहेत,” राजनभाऊंनी बजावलं. शेवटी आत ओलं खोबरं आणि गूळ घालायचं ठरलं. म्हणजे तो पदार्थ काय झाला, हे कोणत्याही मराठी माणसाला सांगायला नको.

राहिलं माझं भाषण. गटातल्या लोकांनी आग्रह धरला, की लीड व्हॉलंटियरनं निदान सुरुवात तरी फ्रेंचमध्ये करावी, नाहीतर डायरेक्टर मॅडम म्हणतील यांनाच येत नाही. ते खरंच होतं, पण गटाचं म्हणणं ते उघड होऊ नये. अंतरानं मला चार-पाच वाक्यं लिहून दिली. मी ती देवनागरीत उतरवली आणि ऑफिसच्या वाटेवर गाडीत घोकू लागलो.

फ्रेंचबद्दल मला सगळ्यांनी नाकाची भीती घातली होती. पण मी मूळचा गुहागरचा. आमच्या घराण्यात नाकातून बोलण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. माझे काका साधं ‘नको’ म्हणाले तरी ते फ्रेंच वाटायचं. नाकाच्या बाबतीत अंतराही खूश झाली. अडलं भलतीकडेच.

“आमची मुलं म्हणजे नोझाँफाँ,” ती शिकवत होती.

“नोझोफा.”

“नो, बाबा. आँफाँ. लाइक, द एंड ऑफ एलिफंट. एलिफंट इज एलेफाँ. टेक अवे द एले. ओके?”

“ओके,” मी म्हणालो. हत्ती लक्षात ठेवायचा. अगदी सोपं.

“तू कशाला या फंदात पडतोस?” मीनाक्षी स्वयंपाकघरातून म्हणाली. “नमस्कार म्हण आणि खाली बस.”

पण एव्हाना माझ्या अंगात अध्यक्ष शिरला होता.

शनिवारी सकाळी मी कोट घालून शाळेच्या फाटकाशी पोचलो, तर बाहेर रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. फुकट फ्रेंच खाणं म्हटल्यावर अख्खी शाळा लोटली होती. ज्यांच्या मुलांनी हिंदी घेतलंय तेही होते. काहींची मुलं तर या शाळेतच नसावीत. सिक्युरिटीवाल्यानं माझ्या गळ्यातली पट्टी पाहिली. तिच्यावर अहमद यांच्या कृपेनं मोठ्या अक्षरांत व्हॉलंटियर लिहिलेलं होतं. ‘लीड’ हा शब्द जागेअभावी गळला होता.

“व्हॉलंटियर? लेट हो गए! यल्ला, यल्ला!” असं म्हणून त्यानं माझ्या कोटावर पिवळं चमकतं जाकीट चढवलं, हातात लाल काठी दिली आणि मला मागच्या मैदानात ढकललं.

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की मी वक्ता आहे. पण तेवढ्यात समोरून एकदम तीन गाड्या आल्या आणि माणूस समोर गाडी आली की आपोआप हात दाखवतो. एकदा हात दाखवला की दुसरीही विचारते. मी सांगतो, त्या कामात एक नशा आहे. माझ्या ऑफिसात मी सांगितलेलं कुणी इतक्या पटकन ऐकत नाही.

एक मोठी पांढरी गाडी आली. चालवणाऱ्या बाईंनी काच खाली केली. “आय हॅव अ रिझर्व्ड स्पॉट इन फ्रंट.”

“एव्हरीबडी सेज दॅट, मॅडम,” मी काठी फिरवत म्हणालो. “बॅकसाइड. बसेसच्या पलीकडे. गो, गो.”

बाई गेल्या. उंच टाचांचे बूट घालून वाळूतून चालत येताना त्या मला लांबून दिसल्या. मधेच थांबून त्यांनी एक बूट काढून झटकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काठीनंच त्यांना मुख्य दरवाजा दाखवला.

मग मीनाक्षीचा फोन आला. “कुठे आहेस? सगळे तुझी वाट बघतायत! डायरेक्टर मॅडम कधीच्या आल्यात, रागानं लाल झाल्यात. कुणीतरी मूर्खानं त्यांना मागे पार्किंगला लावलं म्हणे.”

मी धावतच हॉलमध्ये शिरलो. दारात अहमद यांनी माझं जाकीट पाहून मला प्रेमानं परत बाहेर वळवलं. “पार्किंग आउटसाइड, हबीबी.” मग चेहरा ओळखून त्यांनीच कपाळाला हात लावला आणि मला स्टेजवर चढवलं. जाकीट काढायचं राहून गेलं. पहिल्या रांगेत, मधोमध, पायांत वाळूनं माखलेले बूट घालून, त्या बाई बसल्या होत्या.

त्यांनी मला ओळखलं. ते मला स्टेजवरून दिसलं.

अशा वेळी माणसाच्या डोक्यातून सगळं पुसलं जातं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली. हत्ती. मी माइक धरला, नाक तयार केलं आणि सुरू केलं. बाँजूर व्यवस्थित झालं. पुढचं वाक्य म्हणालो आणि हॉलच्या डाव्या बाजूला, जिथे सहावी ते आठवीची फ्रेंचची मुलं बसली होती, तिथे खुदकन कुणीतरी हसलं. दुसऱ्या वाक्याला चांगलंच हसू उठलं. मला वाटलं, जमतंय! वक्त्याला प्रतिसाद मिळाला की तो फुलतो. मी तिसरं वाक्य मोठ्यानं, हात उंच करून म्हणालो. मुलं बाकावरून घसरायला लागली. चौथ्याला एक मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. उजव्या बाजूला बसलेले पालक मात्र अतिशय गंभीरपणे माना डोलवत होते. राजनभाऊंनी तर टाळ्याही वाजवल्या. अंतरानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

मादाम भिवाजी स्टेजच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “दादा, हत्ती नाय. पोरं. पोरं म्हना.”

मी काय बोललो होतो, ते मला नंतर अंतरानं शब्दशः सांगितलं. मी म्हणालो होतो, आमचे हत्ती फ्रेंचवर प्रेम करतात. आमच्या हत्तींना मादामपासून तोडू नका. आमचे हत्ती रोज आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून फ्रेंच बोलतात. आमचे हत्ती हेच आमचं भविष्य.

त्या क्षणी मला मैदानात परत जाऊन गाड्या लावाव्याशा वाटल्या.

डायरेक्टर मॅडम उठल्या. त्या स्टेजकडे न येता मुलांच्या रांगेकडे गेल्या आणि त्या उचकीवाल्या मुलीपुढे थांबल्या. सृष्टी तिचं नाव; सहावीतली.

“व्हाय आर यू लाफिंग?”

सृष्टी घाबरली, पण उचकी देत देत म्हणाली, “मॅम, अंकल सेड... हिज एलिफंट्स सिट अ‍ॅट द डिनर टेबल.”

“अँड व्हॉट शुड ही हॅव सेड?”

“नोझाँफाँ!” मुलांची पूर्ण बाजू एका सुरात ओरडली. त्यात मला अंतराचा आवाजही स्पष्ट ऐकू आला. ती उभी राहिली होती. मग तिनं, डायरेक्टर मॅडमनी विचारलं नसतानाही, माझं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत दुरुस्त करून म्हणून दाखवलं. मध्ये एकदा ती थांबली. मादामनी नुसती मान हलवली, आणि ती पुढे बोलली. मला एक शब्द कळला नाही. मी आणि मीनाक्षी, एक स्टेजवर, एक खुर्चीत, एकमेकांकडे बघत राहिलो.

डायरेक्टर मॅडम पालकांकडे वळल्या. “हाऊ मेनी ऑफ यू गॉट द जोक?”

एकही हात वर नाही. राजनभाऊंनी अर्धा केला आणि खाली घेतला.

“मला सांगण्यात आलं होतं, की मुलांना काही कळत नाही,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “परीक्षेत पाठ करून उत्तर लिहिता येतं. पाठ करून हसता येत नाही.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “फ्रेंच राहील. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. आणि या गृहस्थांना पार्किंगला कुणी ठेवलं?”

अहमद छताकडे बघू लागले.

नंतर खाण्यावर झुंबड उडाली. वलीचे क्रोसाँ पहिल्या फेरीतच संपले. अहमदनी चार खाल्ले आणि पॅरिसमध्ये असे मिळत नाहीत असं प्रामाणिक मत दिलं. मादामनी एक तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “गनपतीला आजी करायची.” मग त्यांनी अंतराला जवळ घेतलं आणि दोघी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलत राहिल्या. मी लांबून ऐकत होतो. समजत नव्हतं, पण सारखं ऐकावंसं वाटत होतं.

सोमवारी अहमद यांचा फोन आला. मला वाटलं अभिनंदनाचा असेल. होताच, पण शेवटी म्हणाले, डायरेक्टर मॅडमची एक अट आहे. फ्रेंचची बाजू मांडणाऱ्या पालकांनी निदान थोडं फ्रेंच शिकावं. शनिवारी सकाळी मादाम पालकांसाठी वर्ग घेतील. पहिलं नाव डायरेक्टर मॅडमनी स्वतः लिहिलंय. “काँग्रॅच्युलेशन्स, मिस्टर खंबाती. यू आर लीड स्टुडंट.”

आता मी दर शनिवारी सहावीच्या वर्गात, गुडघे हनुवटीला लागतील अशा बाकावर बसतो. शेजारी राजनभाऊ असतात. ते माझ्या वहीत बघून लिहितात, त्यामुळे आमचं दोघांचं चुकतं. पहिल्या दिवशी मादामनी मला उभं करून काही विचारलं. मला आलं नाही. दुसरं विचारलं, तेही आलं नाही. मग त्यांनी मला भिंतीवरच्या चित्रातली भाज्यांची नावं वाचायला लावली, आणि मी कोबीपाशी अडकलो. वर्गात बारा-पंधरा मोठी माणसं होती. सगळी हसली.

वर्ग सुटल्यावर बाहेर गाडीत मीनाक्षी आणि अंतरा थांबल्या होत्या. मी मागच्या सीटवर दप्तर टाकलं आणि बसलो. अंतरानं पुढच्या सीटवरून वळून पाहिलं.

“बाबा, काय झालं आज शाळेत?” तिनं विचारलं. मराठीत.

“फाइन,” मी म्हणालो, आणि खिडकीबाहेर बघत बसलो.